रोजचं एक संत्रं

भागीरथाच्या हिरड्यांतून महिनाभर रक्त येत होतं. अमरावतीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिचं तोंड पाहिलं आणि विचारलं, "काम काय करता?"

"संत्रं तोडते."

डॉक्टरीणबाईंना हसू आलं. "मग रोज एक खा. मोठ्या माणसाला सी जीवनसत्त्व रोज लागतं. एका संत्र्यात भागतं, पण शरीर ते साठवून ठेवत नाही."

हसायला त्यांचं काय जातं? रिद्धपूरच्या वाटेवर जानरावाचा बगीचा. तिथं खाली पडलेलं फळही मजुराला खायची बंदी. संध्याकाळी जानराव बायांना ओळीनं उभं करायचा आणि एकेकीचं तोंड हुंगायचा. वास आला की काम बंद. बाया बौद्ध झाल्या त्याला दोन वर्षं झाली, तरी त्याच्या घरचे त्यांच्या ओंजळीत पाणी वरूनच ओतायचे. संत्र्यापायी मात्र त्याचं नाक त्यांच्या ओठांपासून बोटभर अंतरावर यायचं. तेव्हा कुठं जायचा विटाळ?

भागीरथानं आधी सरळच मागून पाहिलं.

"हंगाम सरला का दहा घेऊन जाजो," जानराव म्हणाला.

"माह्या आंगात कोठी नाई, मालक. रोज लागते म्हणते डॉक्टरीण."

"मंग दुसरीकडे जाय कामाले."

दोन दिवसांनी जानरावाची आई गोदाबाई तोड पाहायला आली आणि बायांपासून लांब खाट टाकून बसली. मजुराची सावली पडली तरी लुगडं बदलणारी बाई. त्या दुपारी झाडांआड बारा बायांनी बारा संत्री खाल्ली.

संध्याकाळी भागीरथा ओळीत पहिली उभी राहिली. तोंड उघडलं.

"या मालक. हुंगा."

जानराव जागचा हलला नाही.

"काय हुंगते तो?" गोदाबाईनं विचारलं.

"आमचे तोंडं, मायबाई. रोज हुंगते, अगदी जवळून. आजच काहून लाजून राहिले, कोण जाणे."

"रोज?"

"रोज. अन् मंग तुमच्याच चुलीपाशी जेवाले बसत असतीन."

बायांनी पदर तोंडात कोंबले. गोदाबाईनं विहिरीकडे बोट केलं. डिसेंबरच्या त्या गारठ्यात जानरावानं धोतरासकट दोन बादल्या डोक्यावर ओतून घेतल्या.

"हुंगशीन तितक्या डाव आंघोळ," आई म्हणाली.

बाराही जणींना काढावं, तर माल झाडावरच सडला असता. दुसऱ्या दिवशी तो मान खाली घालून भागीरथापाशी आला. "पडलेलं खात जा. झाडाचं नोको तोडू."

"पडलेल्यात किडे असते, मालक," ती म्हणाली, आणि त्याच्यासमोरच फांदी वाकवून चांगलं मोठं निवडू लागली.