पक्की नोंद

माझ्या थोरल्या बहिणीचं नाव किडनीच्या प्रतीक्षायादीतून मी घालवलं. दुष्टपणानं नाही, हुशारीनं. हुशारीनं जेवढं वाटोळं होतं तेवढं दुष्टपणानं होत नाही, असं माझं आता ठाम मत झालं आहे.

हॉस्पिटलचा डेटाबेस माझ्या ताब्यात होता. याद्या, रक्तगट, तारखा, सगळं त्यात. डेटाबेस मूळचा फार सरळमार्गी असतो. कुठलंही काम एक तर पुरतं करतो, नाहीतर केलंच नाही असं समजून मागे घेतो. अर्धवट काही ठेवत नाही. आणि मुख्य म्हणजे नोंद आधी डिस्कवर उतरवतो, मगच 'झालं' म्हणतो. मग वीज जावो की मशीन कोसळो, उठल्यावर त्याला ती आठवते. शब्दाला इतकं जागणारं दुसरं कुणी मी पाहिलेलं नाही. माझ्यासारख्यांच्या हाती पडेपर्यंत.

पण डिस्कवर उतरायला क्षणभर लागतो आणि गर्दीच्या वेळी त्या क्षणांची रांग लागते. काउंटरवरची स्क्रीन अडखळायची. साहेबांनी भर बैठकीत विचारलं, "बाई, तुमचं मशीन विचार करून उत्तर देतं का?" सगळे हसले. माझं डोकं तापलं. त्याच दुपारी मी एक सेटिंग बदललं: डिस्कची वाट पाहू नकोस, आधी 'झालं' म्हण, मग उतरव. स्क्रीन पळायला लागली, साहेब खूश. वीज अचानक गेली तर शेवटच्या अर्ध्या सेकंदातल्या नोंदी हातच्या जातील, हे मला ठाऊक होतं. पण अर्ध्या सेकंदात कुणाचं असं काय जाणार?

ताई चार वर्षं दुसऱ्या शहरातल्या यादीत होती. भावोजी गेल्यावर मी तिला माझ्याकडे आणलं आणि तिचं नाव आमच्या यादीत हलवायचं ठरलं. आमच्याकडे नाव चढलं की मशीन तिकडे निरोप पाठवतं, तिकडचं नाव कमी होतं, जुनी तारीख मात्र कायम राहते. चार वर्षांची ती तारीख हीच ताईची सगळी पुंजी होती.

काउंटरवरच्या काकांनी चष्मा वर ढकलत बटण दाबलं. "झालं बघा ताई. नोंद पक्की."

आणि लाइट गेले. जनरेटर सुरू होईपर्यंत मशीन तगवायची बॅटरी केव्हाच मेली होती. नव्या बॅटरीची फाइल सहीसाठी पडून होती.

"बघ, मी आले आणि अंधार पडला," ताई म्हणाली. काकाही हसले, मीही हसले.

दहा मिनिटांत मशीन उठलं. मी तपासलं, सगळं जुळत होतं. 'एकही नोंद गेलेली नाही,' असा अहवाल ऐटीत लिहिला. ताईचं नाव मात्र शोधून पाहिलं नाही. कशाला पाहू? काकांनी पक्की म्हटलं होतं, मशीननं पक्की म्हटलं होतं. गेलेली नोंद खड्डा ठेवून जात नाही. ती कधी नव्हतीच, अशा थाटात यादी पुढे चालत राहते.

सात महिने आम्ही फोनची वाट पाहिली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. ताई आंघोळीला जातानाही फोन माझ्या हातात देऊन जायची. "येईल ग," मी म्हणायची, "वरचा नंबर आहे तुझा." मग एक दिवस नर्स तिचं नोंदीतलं वजन बदलायला गेली आणि यादीत नावच सापडेना.

मी सगळ्या बाजूंनी शोधलं. नाही. तिकडे फोन केला. "तुमचा निरोप आला म्हणून तर आम्ही नाव काढलं." 'झालं' म्हणताक्षणी मशीननं निरोप धाडला होता, नोंद मात्र डिस्कवर उतरलीच नव्हती. बोलाचीच कढी, बोलाचाच भात.

किडनी कुणाला द्यायची ते ठरवणाऱ्या समितीनं सांगितलं, नोंद कशी गेली ते लेखी द्या, मग जुन्या तारखेचा विचार करू. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून दार लोटलं.

"झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई. नाव नव्यानं घाला, आजची तारीख टाका."

"आणि तिची चार वर्षं?"

"आणि तुमची नोकरी? सेटिंग तुम्ही बदललंत. मी फक्त विचारलं होतं."

मी लिहून दिलं. अहवाल खोटा होता, तेही लिहिलं. ताईची तारीख परत मिळाली आणि मला कामावरून काढलं. ती आता यादीत दुसरी आहे. पण सात महिन्यांत तिचं हृदय थकलंय. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन महिन्यांत किडनी मिळाली तर ठीक, पुढे ऑपरेशन झेपायचं नाही.

जायच्या आधी मी मशीनला एक शेवटचा प्रश्न विचारला. उत्तर झटक्यात आलं. त्या सातांतल्या तिसऱ्या महिन्यात ताईला जुळणारी एक किडनी आली होती. ताईच्या मागून दोन वर्षांनी नाव घातलेल्या माणसाला ती मिळाली.

घरी ताई पलंगावर टेकून बसली होती. तिनं मला शेजारी बसवलं.

"खरं सांग हं. मधल्या काळात माझ्यासाठी एखादी आली होती का ग?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की. मी स्वतः पाहिलं."

तिनं मोठा श्वास सोडला. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा सैल पडला.

"मग तुझ्यामुळे माझं काहीच गेलं नाही की! उगाच लिहून देऊन नोकरी घालवलीस. वेडी कुठली." तिनं माझ्या गालावर हात ठेवला. "आता रडू नकोस. मी केलंय तुला माफ."