फारुखच्या झोपेच्या दोन रेषा

अजिंठा चौकात सिग्नल हिरवा झाला, तरी शाळेची व्हॅन जागची हलली नाही. मागून हॉर्न वाजू लागले. शेजारी बसलेल्या छोट्या सादियाने हात धरून हलवलं, "चाचा!" तेव्हा कुठे स्टिअरिंगवरचा फारुख दचकून जागा झाला. त्याने सगळ्या मुलांना नीट घरी पोहोचवलं आणि तडक मालकाकडे, रुपचंदभाऊंकडे जाऊन चावी समोर ठेवली.

"भाऊ, डोळा लागला माझा. पोरं लोकांची आहेत. इलाज होईपर्यंत मी गाडीला हात लावणार नाही."

घरी आल्यावर त्याने बायकोला, नसीमला सगळं सांगितलं. नसीम घरीच शिलाईकाम करायची. ती एवढंच म्हणाली, "चांगलं केलंत." झोपेत त्याचं घोरणं मध्येच बंद पडायचं आणि ती घाबरून त्याच्या नाकाशी हात धरायची, हे फक्त तिलाच माहीत होतं.

धुळ्याला डॉक्टर प्राची मॅडमनी तपासणी केली. झोपेत त्याचा गळा आतून मिटायचा, म्हणून श्वास अडायचा. त्यांनी मास्कमधून हवा देणारं मशीन दिलं आणि त्याचं ॲप फारुखच्या मोबाइलवर घालून दिलं.

पण फारुखच्या मनगटावर भाच्याने भेट दिलेलं घड्याळही होतं. तेही झोप मोजायचं. सकाळी घड्याळाचं ॲप म्हणायचं, झोप उत्तम. मशीनचं ॲप म्हणायचं, मास्कमधून हवा गळतेय, श्वास अडतोय.

"घड्याळ सांगतंय ना मी बरा आहे? मग ही सोंड कशाला?" फारुख वैतागला.

"दिवसा जांभया देताय, ते कोण सांगणार?" म्हणत नसीमने प्राची मॅडमना फोन लावला.

"दोन्ही ॲप एकमेकांना जोडता येतात," मॅडम म्हणाल्या. "जोडा, आणि एकाच रात्रीचं दोन्हीकडचं शेजारी ठेवून बघा."

नसीमने शिवण बाजूला सारली. कुठे ॲपने परवानगी मागितली, कुठे पासवर्ड चुकला, असं करत दुपार गेली. पण जोडलं तिनेच. पडद्यावर दोन रेषा एकाखाली एक आल्या. जिथे मास्कमधून हवा गळाली होती, तिथेच घड्याळात ऑक्सिजन खाली आला होता. आणि प्रत्येक वेळी त्याच्या जरा आधी फारुखने कूस बदलली होती. तो बिछान्यात पडून होता, म्हणून घड्याळाने ती सगळी झोप धरली होती, एवढंच.

फारुखने रेषेतले खड्डे बोटाने एकेक करून मोजले. "एवढ्या वेळा श्वास अडतो माझा?"

"अडतो. आणि का अडतो तेही कळलं. कूस बदलली की पट्टा सरकतो."

तिने मास्कचा पट्टा हातात घेऊन ताणून पाहिला. मऊ सुती कापडाची खोळ त्यावर चढवली आणि डोक्यामागे पट्टा धरून ठेवील अशी एक आडवी पट्टी शिवली. वापरण्याआधी दोन्हींचा फोटो मॅडमना पाठवला. "चालेल. फक्त मास्कवरची श्वास बाहेर जायची भोकं झाकू नका," त्यांनी कळवलं.

हळूहळू गळती थांबत गेली. ऑक्सिजनची रेषा सपाट झाली. फारुख दुपारी डुलक्या घेईनासा झाला, आणि नसीमही निवांत झोपू लागली.

पुढच्या तपासणीला प्राची मॅडमनी मोबाइल हातात घेतला, खोळ उलटसुलट करून पाहिली. फारुख खुर्चीत ताठ बसून म्हणाला, "मॅडम, हे सगळं हिने केलं. जोडलंही हिने, शिवलंही हिने." नसीमने ओढणी सावरली, पण मान खाली घातली नाही.

मॅडमनी गाडी चालवायला हरकत नसल्याचं लिहून दिलं. तो कागद घेऊन दोघं रुपचंदभाऊंकडे गेले. भाऊंनी सगळी हकिकत ऐकली आणि आवाज खाली आणून म्हणाले, "फारुख, मनी घरवाली बी म्हणस, तुम्ही भलता घोरतस."

"मग भाऊ, भाभींना नसीमकडे पाठवा," फारुख म्हणाला. हे बोलताना त्याचा चेहरा असा फुलला होता, की भाऊंनाही हसू आलं.

दुसऱ्याच दिवशी भाऊंची बायको बेबाबाई नसीमच्या दारात उभी राहिली. नसीमने तिच्यासाठी खुर्ची पुढे ओढली.

"बसा भाभी. आधी सांगा, घोरता घोरता त्यांचा श्वास थांबतो का? थांबत असेल तर पहिलं काम धुळ्याला जाण्याचं. बाकीचं मी शिकवते."