चेहरा नसलेले फोटो

"बाकी सगळं नंतर सांग मा. भाड्याचं घ्यायचं की आपलं बसवायचं, तेवढं बोल," म्हणत राघोत्तमने कॉफीचा पेला हरिप्रियाच्या टेबलावर ठेवला. टी. नगरातल्या त्या रेशमी साड्यांच्या दुकानाचा तो धाकटा मालक.

हरिप्रिया दुकानाचे फोटो सांभाळायची. नेसलेल्या साडीचे, पदराचे, काठाचे. वेबसाइटवर गेलेले, जाहिरातीत गेलेले आणि नापसंत ठरून 'रिजेक्ट'मध्ये पडलेले. सगळे मागच्या खोलीतल्या मशिनमध्ये होते, आणि मशीन आता थकलं होतं. दोन कंपन्या आपापलं सॉफ्टवेअर दाखवून गेल्या होत्या. एकीचं दुकानातच नव्या मशिनवर बसवायचं. दुसरीचं सगळं त्यांच्याकडे ठेवायचं, इंटरनेटवरून वापरायचं, आणि जितके फोटो तितकं भाडं.

"आपलं बसवलं तर सगळं राहतंय," ती म्हणाली. "भाड्याचं घेतलं तर रिजेक्ट पुसायला लागेल."

"पुसायचं की. नापसंत मालाला भाडं कोण भरतंय?" तो हसला. "अप्पा म्हणतात, आपला माल आपल्या घरात पाहिजे. पण वर हेही बोलले, ती पोरगी सांगेल तसं कर. दुपारी सही करायची आहे."

"जेवण करून सांगते अण्णा."

"सरी, चालेल."

तो गेल्यावर तिने रिजेक्ट उघडलं.

गेल्या तमिळ आडी महिन्यातल्या, ऐन पावसाळ्यातल्या सेलच्या वेळी मॉडेल आलीच नव्हती. दुकानाचे फोटोग्राफर शेषाद्रीमामा तिला म्हणाले होते, "तूच नेस की गं."

"नक्को मामा. आत्याबाईंनी सांगिटलंय, बाळ होईस्तोवर फोटो काढून घ्यायचा नाही. दृष्ट लागते म्हणे."

"अय्यो! तुझं तोंड कोण काढतंय इथं? मानेखालून घेतो. तोंडच नाही तर दृष्ट लागायची कोणाला?"

सगळे हसले. तीही हसली. एकदा नेसली, मग नेसतच गेली. साड्या बदलत होत्या आणि साड्यांच्या आतलं पोट वाढत होतं. पुढे पुढे निऱ्या सरळ पडेनात. "हा पण गेला, अम्माडी," मामा कॅमेऱ्यात बघून म्हणायचे. "तुझं पिल्लू निऱ्या ढकलतंय बघ." आणि फोटो रिजेक्टमध्ये जायचा.

आठव्या महिन्यात एके दिवशी पोटातलं हलणं थांबलं. बाळ जन्मलं, रडलं नाही. घरी आल्यावर काही दिवस तिचा ब्लाउज दुधाने भिजायचा, मग तेही थांबलं. आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाई राजसबाईंनी, पाळणा कपड्यात गुंडाळून माळ्यावर टाकला. हरिप्रिया कामावर आली. डबा आणायची, डबा संपवायची. विचारलं तर उत्तर द्यायची. शेषाद्रीमामा आता तिच्याशी थट्टा करत नसत.

ते बाळ होतं, याची खूण तेवढ्या फोटोंतच उरली होती. घरी न्यायचे तर कशात? तिचा फोन घरात सगळ्यांच्या हातात असे. राजसबाईंनी पाहिले असते तर त्या काही बोलल्या नसत्या. नुसतं तिच्याकडे बघितलं असतं.

दहीभात खाऊन ती मागच्या खोलीत गेली. मशीन स्टुलावर होतं. भिंतीवर डिसेंबरातल्या पुराच्या पाण्याची मातकट रेघ तशीच होती, स्टुलाच्या बैठकीला जवळजवळ टेकलेली. नवं मशीनही इथंच बसणार. दुकानात दुसरी जागा नव्हती. "आपलं बसवा" एवढंच म्हणायचं होतं. अप्पांना तेच हवं होतं. कोणी काही विचारलंही नसतं.

तिने रेघेवर बोट ठेवून पाहिलं. माती बोटाला लागली.

"भाड्याचं घ्या," तिने राघोत्तमला सांगितलं.

"नक्की? अप्पा मला फाडून खातील हं."

"मागं पाणी शिरतंय अण्णा. पुढच्या वेळी अजून एवढं वर चढलं तर एक फोटो राहायचा नाही. त्यांच्याकडे असले तर सुखरूप राहतील."

"आणि रिजेक्ट? बिलिंगवरच्या कौशिकला सांगू का पुसायला?"

"नक्को. मीच पुसते."

संध्याकाळपर्यंत ती पुसत बसली. आधी एकेक उघडून बघत होती, मग न उघडता. एक फोटो मात्र तिने पसंतमध्ये सरकवला: हळदी रंगाची साडी, मोरपंखी काठ, निऱ्या मध्येच फाकलेल्या, आणि त्या सावरल्यासारखा पोटाखाली धरलेला डावा हात.

पुढच्या आठवड्यात फोटो नव्या जागी गेले. नवं सॉफ्टवेअर फोटो बघून माहिती आपली आपणच भरायचं. ती तपासणं हे हरिप्रियाचं काम. कुठे तपकिरीला लाल म्हटलेलं, कुठे पदराला काठ. ती दुरुस्त करत पुढे जात होती. करता करता हळदी साडी आली.

रंग: हळदी. काठ: मोरपंखी. चेहरा: नाही. व्यक्ती: १.

तिने रंग तपासला, काठ तपासला. मग शेवटचा आकडा खोडून २ लिहिला आणि सेव्ह दाबलं. सॉफ्टवेअरने तो आकडा घेतला. पुढची साडी उघडली.