मालवल्यावर दिसणारं जंगल

मी एक तीन सेलांची बॅटरी बोलतेय. सोलापुरात, भवानी पेठेतल्या एका खोलीत, दाराशेजारच्या खिळ्याला मला टांगलंय. अंगावरचा निकेलचा मुलामा पार उडालाय, काचेला तडा गेलाय, आणि बटण दोनदा दाबल्याशिवाय मी काही पेटत नाही. वय झालं, दुसरं काय! पण खिळ्यावर लटकलेली बघून मला भाजीच्या पिशवीच्या रांगेत बसवू नका. मी जंगल पाहिलंय, तेही अंधार पडल्यावरचं.

खरं सांगायचं तर अर्धंच पाहिलंय. पेटल्यावर मला दिसतं, मालवल्यावर नुसतं ऐकू येतं. ही माझी जन्माची खोड, तिला इलाज नाही. आणि त्या जंगलातली सगळ्यांत सुंदर गोष्ट नेमकी मी मालवल्यावरच दिसायची.

सावंतवाडीच्या बाजारात शिवलिंगप्पानं मला विकत घेतलं. हा मूळचा मैंदर्गीचा, अक्कलकोटच्या बाजूचा. बहात्तरच्या दुष्काळात गावातल्या विहिरी आटल्या, तेव्हा बायकोला, म्हणजे गुरम्माला, सोलापुरात तिच्या बहिणीकडे ठेवून तो आंबोलीला घाटरस्त्याच्या कामावर गेला. काम संपलं, पण तिथल्या एका बंगल्यावर त्याला राखणदार म्हणून ठेवून घेतलं. उभ्या जन्मात बाभळी आणि लिंबाशिवाय फारसं झाड न पाहिलेला माणूस! पहिल्या पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत म्हणून वैतागला, आणि दुसऱ्या पावसाळ्यात त्या जंगलाच्या असा नादी लागला की काही विचारू नका.

बंगल्यावर पुण्याचे, बेळगावचे पाहुणे यायचे. संध्याकाळची जेवणं उरकली की शिवलिंगप्पा त्यांना जंगल दाखवायला न्यायचा. पुढं मी, माझ्यामागं तो, त्याच्यामागं पाहुण्यांची रांग. बोलायचं नाही, विडी ओढायची नाही, कशाला हात लावायचा नाही, असा त्याचा दंडक. जनावरं बुजू नयेत म्हणून माझ्या तोंडाला त्यानं गुरम्माच्या लाल चोळीचा तुकडा बांधला होता. त्या लाल उजेडात मी काय काय पाहिलं म्हणून सांगू! पानाच्या पाठीला चिकटलेला, बोटांना पडदे असलेला बेडूक. फांदीला वेटोळं घालून बसलेला चापडा, हिरवागार आणि विषारी साप, पण तासन् तास जागचा हलायचा नाही. एकदा तर पिलाला तोंडात धरून निघालेलं उदमांजर दिसलं. असं काही दिसलं की शिवलिंगप्पाच्या तोंडून कन्नडच निघायचं, ‘नोड, नोड.’ म्हणजे बघ, बघ. पाहुण्यांना कन्नड कुठलं यायला, पण बघायचे सगळे बरोबर तिकडंच.

वाटेच्या शेवटी एक ओढा होता. तो ओलांडला की कुजलेली मोठमोठी झाडं आडवी पडलेली असायची. तिथं पोचल्यावर तो मला मालवायचा. आधी पाहुण्यांची कुजबुज चालायची, कुणीतरी फिदीफिदी हसायचं. मग डोळे अंधाराला सरावले की एकेक जण गप्प व्हायचा. पावसाळ्यात ती कुजकी लाकडं आपली आपण उजळतात म्हणे, मंद, हिरवट. एकदा एक बाई तिथं हुंदके देऊन रडली. तिला काय दिसलं ते मला कसं कळणार? त्या वेळी मी तिच्याच शेजारी, शिवलिंगप्पाच्या हातात आंधळी होऊन लटकत होते.

सुटीला सोलापुरात आला की शिवलिंगप्पाला दुसरा विषय नसायचा. गुरम्मा घरी रहाटावर हातमागासाठी सुताच्या कांड्या भरायची आणि हा शेजारी बसून लाकडांचं वर्णन करायचा. झोपतानाही मी त्याच्या उशाशी. म्हणून गुरम्मा मला सवत म्हणायची. ‘या सवतीनं समदं बघितलं, मीच तेवडी ऱ्हायले की,’ असं त्याला चिडवायची. तिला काय ठाऊक, तिच्या सवतीची तीच गत होती.

पुढं त्याचे डोळे बिघडले, आणि ते सगळ्यांत आधी मला कळलं. वाटेच्या कडेचं त्याला दिसेना. मला उगाच डावी-उजवीकडं फिरवायला लागला. एका संध्याकाळी चापडा त्याच्या खांद्याशीच होता, माझा उजेड सरळ त्याच्यावर पडलेला, आणि हा आपला खुशाल पुढं निघाला. मागच्या पाहुण्यानं ओढलं म्हणून वाचला. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेलीचा भरवसा नाही, असं ते स्पष्ट म्हणाले. शिवलिंगप्पानं तडक सोलापूरची एस.टी. धरली. गुरम्माला म्हणाला, पाऊस लागलाय, जंगल उजळलं असेल, मला वाट दिसते आहे तोवर चल.

ती आली. येणार म्हणून त्यानं माझ्यात नवे सेल घातले होते. मला तिच्या हातात दिलं आणि तिचा दुसरा हात स्वतः धरला. जळवा बघून ती किंचाळली, बेडूक बघून हसली. घाबरत, साडी सावरत ती ओढ्यापर्यंत गेली. ओढा ओलांडला आणि तो म्हणाला, ‘आता मालव.’

गुरम्मा तिथंच अडली. तिच्या माहेरची एक रीत होती. घरात कुणाच्या डोळ्यांना काही झालं, तर त्याच्यासमोरचा दिवा कुणी हातानं मालवायचा नाही. तेल संपून शांत होईल तेव्हा होईल. तिच्या बापाचे डोळे आले होते तेव्हा आईनं दिव्यात तेल घालत रात्र जागून काढली होती, आणि बापाला बरं वाटलं होतं.

‘तुमचं डोळं असं झालेलं,’ ती म्हणाली, ‘आन् मी माज्या हातानं तुमच्या म्होरं अंधार करू? मला न्हाय बघायचं कायबी.’

हा दिवा नव्हे, बॅटरी आहे, असं त्यानं परोपरीनं समजावलं. उजेड तो उजेड, असं तिचं म्हणणं. त्यानं मला तिच्या हातातून काढून घेतलं असतं तर ती काही करू शकली नसती. पण त्यानं तसं केलं नाही. मी पोटातल्या सेलांच्या किती विनवण्या केल्या, एवढ्यापुरते तरी संपा रे! नवे कोरे सेल, ते कशाला ऐकतात? दोघं थोडा वेळ पावसात उभी राहिली. माझ्या लाल उजेडात ती लाकडं नुसती कुजकी लाकडं दिसत होती. मग दोघं परतली.

डोळे जायचे ते गेलेच. आता शिवलिंगप्पा इथं बसून चाचपून चाचपून कांड्या भरतो. हात चांगले बसलेत त्याचे. पण आंबोलीचं नाव काढत नाही, आणि गुरम्माही काढत नाही. मला मात्र राहवत नाही हो. इथला पाऊस म्हणजे गल्ली भिजली की संपला. त्या ओल्या पानांची, बेडकांच्या कालव्याची, त्या ‘नोड, नोड’ची मला फार आठवण येते. तुमच्यापैकी कुणी तिकडं निघालं तर मलाही न्या. सेल घालू नका, नुसती बरोबर न्या.

परवा तिन्हीसांजेला वीज गेली. गुरम्मानं सवयीनं मला खिळ्यावरून काढलं, बटण दोनदा दाबलं. माझ्या उजेडात शिवलिंगप्पा कांडी भरत बसलेला दिसला. वीज गेल्याचं त्याला काय? गुरम्मा त्याच्याकडं बराच वेळ बघत उभी राहिली. मग तिनं स्वतःच्या हातानं मला मालवलं.

‘ओढ्यापल्याड काय व्हतं वो?’ तिनं अंधारातच विचारलं. ‘मला दावा की.’

रहाट थांबला. मग तो उठल्याचा आवाज आला. माझ्यामागं ये, बोलू नको, असं त्यानं बजावलं. त्या एवढ्याशा खोलीत दोघं चालायला लागली. जात्यापाशी तो म्हणाला, इथं दगड निसरडा आहे. धुण्याच्या दोरीखाली त्यानं तिला वाकायला लावलं, फांदीवर चापडा आहे म्हणून. गुरम्मानं मला छातीशी धरलं होतं, आणि तिचं काळीज धडधडताना मला ऐकू येत होतं. ‘हितं ओढा हाय, लुगडं वर धर,’ तो म्हणाला. तिनं धरलं. दोघं थांबली. मग किती तरी दिवसांनी मी तो शब्द ऐकला.

‘नोड, गुरम्मा.’

तेवढ्यात गल्लीत पोरांचा गलका उठला, ‘आली, आली!’

‘लाईट आली काय गं?’ शिवलिंगप्पानं विचारलं.

गुरम्माची पावलं भिंतीपर्यंत गेली आणि दिव्याचं बटण खट् वाजलं.

‘न्हाय आजून,’ ती म्हणाली. ‘तुमी दावा.’