टाक्यांची भीती

माझ्या बायकोच्या, चंद्रप्रभाच्या, पोटाच्या मोठ्या ऑपरेशनला तिसरा दिवस होता. सिस्टर महेश्वरीनं मला सकाळीच बजावलं होतं, "काका, दर तासाला दहा वेळा यातून श्वास आत ओढायला लावा. फुंकायचं नाही, ओढायचं. मग उशी पोटाशी धरून खोकायला लावा. नुसत्या पडून राहिल्या तर छातीत कफ साठेल, न्यूमोनिया होईल." तीन गोळ्यांचं ते प्लॅस्टिकचं यंत्र तिनं माझ्या हातात दिलं.

नऊ वाजता चंद्रप्रभानं श्वास ओढला तशी यंत्रातली एक गोळी वर गेली. दहाला जळकोटहून धुरपदाअक्का आल्या, माझी थोरली बहीण. मी सत्तरी ओलांडली तरी त्यांच्यापुढं माझा आवाज फुटत नाही.

"ताजे टाके हायत आन् खोकायला लावतोस व्हय? उसवतील की." त्यांनी चंद्रप्रभाला आडवं केलं आणि बाळंतिणीचं बांधतात तसं जुन्या लुगड्यानं तिचं पोट आवळलं. "निपचित पडू दे."

"अक्का, सिस्टर म्हणाल्या..."

"तुझी अक्कल सगळी पुस्तकाच्या कपाटात ऱ्हायली."

शेजारच्या खाटेवरचे लोक हसले. मीही हसलो.

बोटाला लावलेल्या चिमट्यावर ऑक्सिजनचा आकडा चौऱ्याण्णव होता. अकराला एक्क्याण्णव झाला. चिमटा सरकला असेल, म्हणून मी तो नीट बसवला. नव्वद. चंद्रप्रभाच्या घशात घरघर होती. तिला खोकला येत होता आणि अक्कांच्या धाकानं ती तो गिळत होती. बाराला अठ्ठ्याऐंशी. तिनं माझ्याकडं पाहिलं. ती काही मागत नव्हती. माझ्याच्यानं काही व्हायचं नाही, हे तिला लग्नापासून ठाऊक होतं. त्या नजरेला मी आकड्यापेक्षा जास्त भ्यालो.

"अक्का, सरका."

"काय म्हणलास?"

"सरका. आणि सिस्टरला बोलवा."

मी लुगडं सोडलं, तिला बसवलं, उशी पोटाशी दाबून धरली. "खोक." ती कळवळली. टाके खरंच उसवले, असं मला वाटलं. दुसऱ्यांदा खोकली तेव्हा घट्ट पिवळा कफ पडला.

महेश्वरीनं ऑक्सिजन लावला. डॉक्टरांनी छाती तपासली. "उजवं फुप्फुस खालून मिटत चाललंय. किती वेळ आडव्या होत्या?"

अक्का भिंतीकडं पाहत होत्या.

"दोन तास," मी म्हणालो. "मीच पडू दिलं."

"उद्यापर्यंत बघू. खोकणं थांबवू नका."

उशी धरायला अक्का पुढं आल्या. मी ती सोडली नाही.