पालथं मडकं

सखाबाईनं मंदाच्या हातातली कोसा रेशमाची तार ओढून घेतली आणि उन्हात धरली. जागोजागी गाठी, अन् टोकाला तुटलेली.

"हे काय केलं वं पोरी? ही तार हाय का सुतळी?"

अंगणातल्या बाकीच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मंदानं मान वर केली नाही. चुलीवर उकडून परातीत घेतलेले ओले कोसे जवळ ओढून ती पुन्हा तार जुळवू लागली.

पवनीच्या त्या अंगणात तार वळायची ती उघड्या मांडीवर. एका तळहातानं मांडीवर पीळ द्यायचा, दुसऱ्या हातातल्या फिरकीवर तार गुंडाळायची. म्हणूनच काम चालू असताना कोणी पुरुष आला तर त्यानं कुंपणाबाहेर खाकरायचं आणि तिथंच थांबायचं, अशी रीत होती. नवऱ्याचं घर सोडून आलेल्या बायकांना चार पैसे मिळावेत म्हणून महिला मंडळाच्या निर्मलाबाईंनी हे अंगण भाड्यानं घेतलं होतं आणि शिकवायला सखाबाईला बसवलं होतं. सखाबाई जिभेची तिखट खरी, पण हाताखाली आलेली बाई तिनं कधी वाया जाऊ दिली नव्हती.

ही मंदा मात्र तिला बधत नव्हती. आसगावची, धान पिकवणाऱ्या धनीरामची लेक. कापणी आटोपली की जावई तिला न्यायला येणार होता. त्याच्या आत तार जमली, व्यापारी ताराचंदनं ती घेतली, तर इथं राहून तिचं पोट निघालं असतं. नाही जमली, तर परत तेच घर आणि तोच मार. एवढं माहीत असून ही बया लुगडं गुडघ्यावर सरकवायला तयार नव्हती. कापडावरूनच पीळ देत होती. कापडावर कधी कोसा वळतो होय?

दुपारी बायका जेवायला गेल्यावर सखाबाई तिच्यासमोर फतकल मारून बसली.

"लाजतेस कायले? रोवणीच्या चिखलात तर मांडीपर्यंत खोचून उभी रायतेस ना?"

कुंपणाकडं एकदा पाहून मंदानं लुगडं वर घेतलं.

उलथन्याच्या पात्याएवढे डाग होते. एकाखाली एक, नेमके तळहात फिरतो तिथं. कातडी आकसून चुरगळलेली. या पोरीचं आपण सगळ्यांदेखत हसं केलं, या विचारानं सखाबाईला स्वतःचाच राग आला.

"बापाले माहीत हाय?"

"नाही. मारते एवढंच माहीत हाय. हे नका सांगू, मावशी. जीव जाईल त्यांचा." मंदानं लुगडं नीट केलं. "अगदीच धाडायले निघाले तर मीच सांगीन. मंग ते नाही धाडणार."

"नाही सांगत," म्हणत सखाबाई उठली. घरातून एक जुनं मडकं आणून तिनं ते मंदाच्या पुढ्यात पालथं घातलं. त्याच्या पाठीवर हात फिरवून पाहिला आणि म्हणाली, "याच्यावर वळ. जाडी निघन, पण तुटणार नाही."

तार जाडच निघाली, पण एकसारखी निघाली. ताराचंदनं ती बोटांत घोळवली, नाक मुरडलं, आणि आणत जा म्हणाला. त्या दिवशी मंदा पहिल्यांदा हसली. तरी काम करताना तिचा हात मधूनमधून लुगड्याच्या काठाकडं जायचाच. मांडीचं काही काम उरलं नव्हतं, तरीही ती काठ खाली ओढायची.

मग एका सकाळी कुंपणाबाहेर खाकरणं ऐकू आलं. धनीराम होता. हातात नव्या तांदळाचं गाठोडं.

सखाबाई फाटकाशी गेली. मंदा तिच्या मागं येऊन उभी राहिली.

"जावई घरी येऊन बसले," धनीराम म्हणाला. "पाया पडून राहिले बिचारे. भांड्याले भांडं लागतेच, सखाबाई. चाल मंदा, बस निघून जाईल."

"बाबा..." म्हणून मंदानं लुगड्याचा काठ मुठीत धरला. सखाबाईला राहवलं नाही. दिला शब्द गेला चुलीत, असं तिला वाटलं. हा माणूस काय पाठवून राहिला ते याला ठाऊकच नाही. ठाऊक झालं की आल्या पावली मागं फिरेल.

"भांड्याले भांडं?" ती म्हणाली. "उलथनं तापवून पोरीची मांडी डागली त्यानं. एकदा नाही. आता ने तिले."

धनीरामनं गाठोडं या हातातून त्या हातात घेतलं. तो जमिनीकडं पाहत होता.

"ठाऊक हाय," तो म्हणाला. "पोळ्याले आली होती, तवा ही झोपली असतानी तिच्या मायले दिसलं. मले सांगतलं तिनं. पण काय करू, सखाबाई? लेकीचं घर मोडते ना."

अंगणातल्या फिरक्या थांबल्या.

पोळ्यानंतर धनीराम स्वतः बैलबंडी जुंपून, बसायला मऊ पेंढा अंथरून लेकीला सासरी पोचवून आला होता.

"म्हणून का बाबा?" मंदानं अगदी हळू विचारलं. "म्हणून बंडीत तणीस जास्तीची टाकली होती? मी म्हटलं, बाबा लाड करून राहिले."

धनीरामनं वाकून गाठोडं फाटकाच्या आत ठेवलं.

मंदानं ते उचललं आणि परत त्याच्या हातात दिलं. "घेऊन जा. जेवायचं माझं मी पाहीन."

तो वळणापर्यंत गेला, थांबला, आणि पुन्हा चालू लागला. सखाबाईच्या डोळ्यांना धार लागली होती. शब्द मोडल्याची माफी मागावी म्हणून ती मंदाकडं वळली, पण मंदा आपल्या जागी जाऊन बसलीसुद्धा होती. मडकं पुढ्यात घेऊन ती तार वळत होती. लुगडं गुडघ्याच्या वर सरकलं होतं. तिचा हात काठाकडं गेला नाही.

"मावशी," ती खालमानेनंच म्हणाली, "कोसे संपून राहिले."

सखाबाईनं पदरानं डोळे पुसले आणि परात भरून आणायला ती चुलीकडं गेली.