अळंबी का कुत्र्याची छत्री?

"घे, अळंबी हाय. चांगली जाडजूड."

केशरबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मुठीतला चिंचोका सुनेपुढं धरला. चेहरा असा, की उभ्या जन्मात ही बाई खोटं म्हणून बोललीच नसेल. रुख्मिणी घुटमळली. मग "खरं" म्हणाली आणि चिंचोका आपल्या करवंटीत उलटा टाकला. पोटाला काजळाचा ठिपका!

"कुत्र्याची छत्री!" केशरबाईनं टाळी पिटली. "ही तिसरी. बिघडली तुजी भाजी. किती गं भोळी तू! बाजारात तुला कुनीबी गाढव गाय म्हणून इकल."

हा खेळ केशरबाईच्या माहेरचा, जिंतूरकडच्या डोंगरातला. तिकडं वारुळाशेजारी अळंबी उगवते आणि तिच्याच बाजूला विषारी छत्रीही. पोरींनी वरच्या रूपाला भुलू नये म्हणून केशरबाईच्या आईनं हा खेळ जुळवला होता. जमिनीवर कोळशानं घरं आखली की झालं रान. त्यात फोडून दोन केलेले चिंचोके पालथे मांडायचे, काहींच्या पांढऱ्या पोटाला काजळ लावायचं. एक उचलायचा, आपल्यापुरता बघायचा आणि अळंबी म्हणून समोरचीला द्यायचा. तिनं "खरं" म्हणून घ्यायचा, नाहीतर म्हणायचं, "खोटं, दाखीव!" खोटं पकडलं तर छत्री देणारीच्याच गळ्यात. उगाच संशय घेतला तर आपली एक अळंबी गेली. जिच्या करवंटीत तीन छत्र्या, ती हरली.

नवरा जाऊन केशरबाईला बरीच वर्षं झाली होती. मुलगा भुजंग सेलूच्या कापसाच्या जिनिंगात कामाला, सुट्टीपुरता घरी यायचा. सून आली तीही मुकी. व्हय आणि न्हाई, यापुढं शब्द नाही. एका दुपारी केशरबाईनं तिला चिंचोके खेळायला बसवलं, तेव्हा कुठं पोरीचं तोंड उघडलं. रोज हरायची बिचारी. आणि केशरबाईला, उगं कशाला लपवा, जिंकायला लय आवडायचं.

त्या दुपारी तिसऱ्या छत्रीनंतर नवा डाव मांडला, तो अर्ध्यात असताना दारात दवाखान्याच्या नर्सबाई आल्या. रुख्मिणी उठून गेली, बराच वेळ बोलत उभी राहिली. परत येऊन बसली ती आपल्याच करवंटीतला चिंचोका उचलू लागली.

"काय म्हणत व्हत्या गं?"

"काय न्हाई, आत्या. गोळ्यांचं इचारायल्या व्हत्या."

"खोटं," केशरबाई म्हणाली. "दाखीव."

रुख्मिणीचे डोळे भरून आले. "परभणीला नर्सचं शिक्षण हाय म्हणत्यात. धावी पास लागती. तितंच ऱ्हावं लागतं. मी न्हाई म्हणले."

"आन मनातून?"

"मनातून व्हय म्हणले."

 आत्ता कुठं घरात बोलणारं माणूस मिळालं होतं. ही गेली की पुन्हा त्या चार भिंती. पण 'व्हय' म्हणताना पोरीच्या तोंडावर जे आलं होतं, ते लग्नाच्या मांडवातसुद्धा दिसलं नव्हतं. चुलीपुढं बसून भाकरी थापताना केशरबाईनं मनाशी काय ते ठरवून टाकलं.

अडचण होती व्यंकटरावांची. धाकटे दीर, घराचा सगळा कारभार त्यांच्याकडं. भुजंग तर काका म्हणतील त्याला मान डोलावणारा. संध्याकाळी ते चहाला आले आणि ऐकताच कडाडले, "सून परगावी ऱ्हायची? लोक तोंडात शेण घालतील, वैनी!"

केशरबाईनं पदर सारखा केला. "तेबी खरंच हाय, भाऊजी. सटवाजीच्या सुनेचं नाव लागलं म्हनं तिकडं. लागू द्या. ती नर्स झाली की आपुन त्येंच्या दारात जाऊन सुई टोचून घिऊ. त्यात काय कमीपना?"

सटवाजी म्हणजे बांधाला बांध लागून असलेला व्यंकटरावांचा जन्माचा वैरी. चहाची बशी ओठाशी थांबली.

"सटवाजीच्या? तिला तर धावी दोनदा द्यावी लागली! आपली एका दमात पास हाय की!"

"हाय की."

"मंग आपली का मागं? उद्याच भुजंगाला निरोप धाडतो."

सटवाजीच्या सुनेला बिचारीला यातलं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. चुलीपाशी रुख्मिणीला जोराचा ठसका लागला. धुरानं असेल, असं केशरबाईला वाटलं.

विद्यापीठाच्या नामांतरावरून चाललेल्या बंदमुळं गाड्या थांबल्या होत्या. त्या सुरू झाल्या त्याच सकाळी दोघी पत्र्याची पेटी घेऊन फाट्यावर उभ्या राहिल्या. लांबून एस्टीचा धुरळा दिसला.

"आत्या, तुमाला करमल का?"

केशरबाईनं पदर सारखा केला. "न करमायला काय झालं? भजन हाय, शेजारनी हायत. उलट एका मानसाचा सैपाक कमी. लय सुखात ऱ्हाते मी."

"खोटं," रुख्मिणी म्हणाली. "दाखवा."

केशरबाई बघतच राहिली.

"खोटं बोलताना तुमी पदर सारखा करता, आत्या. मला पयल्यापासून ठावं हाय. काकांम्होरंबी केलाव की. मला तर हसू आवरंना."

"अगं बया! मंग रोज हरत का व्हतीस?"

"जितलं की तुमी हसायच्या. आपल्या घरात तेवढंच हसू व्हतं."

गाडी येऊन थांबली. कंडक्टर पेटी वर घ्यायला ओरडू लागला. केशरबाईचा हात सवयीनं पदराकडं निघाला. तिनं तो मधेच आवरला.

"न्हाई करमायचं मला," ती म्हणाली. "रोज आठवन यील तुजी. पन तू जा."

रुख्मिणीनं तिच्या तोंडाकडं नीट पाहिलं. "खरं," म्हणाली आणि गाडीत चढली.

गाडी हलली. तिच्या वाऱ्यानं केशरबाईचा पदर डोक्यावरून घसरला. गाडी दिसेनाशी होईपर्यंत तिनं तो तसाच राहू दिला.